हसणे : तबकडी एक

साऱ्या रत्नागिरीत प्रत्येक गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने ओळखणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्याचे काम मीच मोडले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी जे प्रेमाने लिहिणार आहे ते कोणी माझा चांगुलपणा समजू नये.

ते आमच्या हिचे मामा. कोर्टातली कारकुनी संपवून पेन्शनीत आले आणि आमच्या वाचनालयात बिनपगारी ग्रंथपाल झाले. मी तिथला चिटणीस. मुंबईत नाव काढलेल्या इथल्याच एका गृहस्थांनी वाचनालयाला भोंग्याचा एक फोनो आणि दोन पेट्या भरून गाण्यांच्या तबकड्या पाठवल्या. मांडवी बंदरात आगबोटीतून होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर येताना एक पेटी खाऱ्या पाण्यात पडली. तबकड्या वाचल्या, पण निम्म्यांवरचे छापील कागद सुटून गेले. आता कुठल्या तबकडीत काय आहे हे ती लावल्याशिवाय कळायचे नाही. मामांना याचा इतका आनंद झाला की पेटी त्यांनीच पाडली असावी, असे होडीवाला पुढे कित्येक दिवस सांगत असे.

तो सगळा उन्हाळा मामा भोंग्यात कान घालून बसले. दोन्ही बाजू पुऱ्या ऐकायच्या, तबकडीवर खडूने आकडा घालायचा आणि त्याच आकड्याचे एक कार्ड लिहायचे. कार्डाच्या माथ्यावर गाणाऱ्याचे नाव असावे असे मी सुचवले. मामा म्हणाले, “नाव आपल्याला हवं असतं. ऐकायला येणाऱ्याला आरती हवी असते.” मग मी म्हटले, विषय घाला. तेही त्यांना पटेना. “कशाबद्दल आहे ते नका सांगू, जावईबापू. रामाबद्दल भूपाळी असते, पाळणा असतो, नाटकातलं पदही असतं. हे आहे काय, ते सांगा.” अशी चाळीसच्या वर शीर्षके झाली. एक गाणे पाळणा आहे की पाळण्याच्या चालीवरचे पद, हे ठरेना, तेव्हा मामा फोनो उचलून शेजारच्या घरी गेले आणि तिथल्या तान्ह्या मुलाला ते तीनदा ऐकवले. मूल काही झोपेना. मामा ‘पद’ असे लिहू लागले. मुलाची आई म्हणाली, “अहो, त्याला दात येतायत, त्याच्यावर काय जाता?” मामांना ते रास्त वाटले. दात वर येईपर्यंत ते कार्ड कोरे राहिले.

एका तबकडीला एका अंगाने अभंग होता आणि दुसऱ्या अंगाने लावणी. आमच्या कमिटीतले एक सोवळे सभासद ती अभंगांत ठेवू देईनात. मामा शांतपणे म्हणाले, “ती दोघं पाठीला पाठ लावून सुखानं नांदतायत. अडचण तुमची आहे.” आणि दोन कार्डे लिहून मोकळे झाले. आणखी एका तबकडीत कोणी साहेब तीन मिनिटे नुसता हसत होता. ती मी ‘विनोद’ म्हणून लिहायला सांगितली. “विनोदानं आपण हसतो,” मामा म्हणाले, “इथे तोच हसतोय. ऐकणाऱ्याला हसू येईल की नाही, काय सांगावं?” त्यांनी कार्डावर ‘हसणे’ असे लिहिले आणि त्या एकट्या तबकडीला कपाटात वेगळा खण दिला. ‘इतर’ हा शब्द मात्र त्यांना खपत नसे. ‘इतर’ म्हणजे आम्ही ऐकलंच नाही असं लिहून देणं, असे ते म्हणत.

पुढल्या वर्षी ते देणगीदार गृहस्थ वाचनालय बघायला येणार असे पत्र आले. मला छापील यादी हवी होती. खरे सांगायचे तर ‘हसणे’ या शीर्षकाची मला लाज वाटत होती. मामा हेदवीला बहिणीकडे आठ दिवस गेले होते. तेवढ्यात मी चार शीर्षके केली: धार्मिक, नाटकी, विनोदी आणि इतर. बिनकागदाच्या सगळ्या तबकड्या चौथ्यात घातल्या, त्यांच्यावरचे खडूचे आकडे ओल्या फडक्याने पुसून घेतले. मामांची कार्डे पाठकोरी होती. ती कापून पुस्तकांत तारखेच्या चिठ्ठ्या म्हणून लावली. काटकसर केली म्हणून कमिटीने माझे कौतुकही केले.

मामा परत आले. यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी केली आणि म्हणाले, “छपाई सुबक आहे.” जावयाला चुकलात म्हणायची आमच्यात रीत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखू लागला आणि ते यायचे बंद झाले.

शनिवारी दुपारी बायकांची वेळ असे. एकदा खाडीकडची एक बाई तान्हे मूल घेऊन आली. तिचा नवरा गलबतावर होता आणि दोन महिने त्याची काही खबर नव्हती, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होते. “पाळणा लावाल काय?” तिने विचारले. पाळणे सगळे इतरांत होते. मी अंदाजाने एक तबकडी काढून लावली, आणि तो साहेब हसू लागला. फोनो बंद कसा करतात तेच मला सुचेना. साऱ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिने मुलाच्या तोंडावर पदर घेतला, “राहूंदे,” म्हणाली आणि उठून गेली.

त्याच संध्याकाळी मी मामांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत होते. मी देणगीदारांचे, छापखान्याचे, कमिटीचे सगळे सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्या बाईंना पाळणा मिळाला का?”

मी नाही म्हणालो आणि घरी आलो. पुन्हा त्यांची पायरी चढायला मला दीड महिना लागला. दरम्यान त्या बाईच्या घरी गेलो होतो, तर ती मूल घेऊन माहेरी गेलेली. नवऱ्याची खबर लागली की नाही हे मला कोणी सांगितले नाही, आणि विचारायला तोंडही नव्हते.

त्यानंतर मामा चार वर्षे होते. त्यांनी तबकड्या पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतल्या, पण त्या पुऱ्या व्हायला चार वर्षे पुरली नाहीत. मला मात्र दीड महिन्यानंतरची ती ओटीच आठवते. मी खाली मान घालून, म्हणायचे ते जेमतेम ओठांतल्या ओठांत म्हटले. मामांनी हात कानामागे नेला. “काय म्हणालात?” उन्हाळाभर भोंग्यात घातलेला तो कान तेव्हा खरेच मंदावला होता की नाही, हे मला अजून कळलेले नाही. मी मोठ्याने म्हणालो, शेजारची मंडळी दारात आली इतक्या मोठ्याने:

“चुकलो, मामा. तुम्ही ऐकून लिहिलं होतंत, मी न वाचता कापलं. माझं चुकलं.”