सहामाहीला गैरहजर

मी मोटरसायकलच्या शर्यतींवर लिहायचे असं सांगितलं की लोक आजही माझ्याकडे जरा निरखून बघतात. खरं तर त्यात विशेष काही नव्हतं. माझा दादा शर्यतीत उतरायचा, मी त्याच्याबरोबर जायचे, आणि ठाण्याच्या एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकांना रविवारी खडवलीपर्यंत जाऊन येणारं कोणीतरी हवं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हिला लिहिता येत असणार, असं सगळे धरूनच चालले होते.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. खडवली स्टेशनपलीकडे भाताची कापणी झाली की मोकळ्या जमिनीवर मातीचा गोल ट्रॅक आखायचे. थंडीत सुरू झालेला सीझन उन्हाळ्यापर्यंत चालायचा. एकूण चार टीम होत्या. ठाण्याच्या एका गॅरेजची, कल्याणच्या दोन साडूंची, डोंबिवलीच्या चांगल्या घरातल्या मुलांची आणि वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधल्या पोरांची. शेवटची दादाची. खोपटला स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक शेठ त्यांना गाड्या द्यायचे. एक नवी, एक जुनी. नवी दादाकडे होती.

त्या गाडीसाठी दादा काय काय करायचा ते सांगायला गेले तर पानं भरतील. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होते आणि तो नववीत. त्याने शाळा सोडली आणि वर्कशॉपला लागला. तेव्हापासून माझ्या प्रगतीपुस्तकावर ‘पालकाची सही’ असं छापलेलं असायचं तिथे त्याचीच सही. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं त्याला. आईला सही येत होती, पण ती म्हणायची, “तूच कर रे, तुझी चांगली दिसते.” घर, वर्कशॉप आणि मी यांच्याबाहेर त्याचं स्वतःचं असं जे काही होतं, ते म्हणजे रविवार आणि ती लाल गाडी.

दुसऱ्या शर्यतीत तो वळणावर पडला. गाडी त्याच्या डाव्या हातावर आली. उठला, हात झटकला आणि म्हणाला, “मुका मार आहे.” घरी आईने हळद लावली. आठवडाभराने कोणी विचारेनासं झालं, कारण तो जेवत होता, कामाला जात होता. आता वाटतं, जेवताना घरात डाव्या हाताकडे कोण बघतं?

निम्मा सीझन झाला तेव्हा संपादकांनी मला बोलावलं. “आता नुसतं कोण जिंकलं ते नको. टीमचं मोजमाप घ्या. शाळेत सहामाहीचं प्रगतीपुस्तक देतात ना, तसं करा. विषय, श्रेणी, शेरा. लोकांना गंमत वाटेल.”

मला कल्पना फारच आवडली. कोणी मला इतकं मोठं काम दिलं नव्हतं. मी विषय ठरवले: सुरुवात, वळण, गाडीची निगा, शिस्त. पुढच्या रविवारी मी ट्रॅकच्या कडेला छत्री उघडून बसले ते बघण्यासाठीच.

बातमी माझ्याआधी पोचली होती. कल्याणचे थोरले साडू टेम्पोतून उतरतानाच ओरडले, “आली रे मास्तरीणबाई! पोरांनो, नखं दाखवा.”

“काका, तुमची सुरुवात फार छान असते,” मी म्हटलं. “पुढे काय होतं?”

“पुढे ह्याच्या मनात बायकोचा विचार येतो,” धाकटे म्हणाले.

“माझ्या बायकोची बहीण तुझ्या घरात आहे, विसरू नकोस!”

डोंबिवलीचा एक मुलगा हातमोजे घालत म्हणाला, “ओ ताई, आम्हाला जरा बघून द्या हां. घरी पप्पा वाचतात.”

दादा हसत होता. मग माझ्याजवळ आला, हेल्मेट घातलं आणि हनुवटी वर केली. “पट्टा लाव गं.”

“तुझा तू नाही लावत?”

“हाताला घाम आलाय.”

मी लावला. जानेवारी होता, सकाळची वेळ. घाम कसला, असं एकदा मनात आलं आणि गेलं.

शर्यत सुरू झाली. झेंडा पडला, सगळे सुटले. दादाची गाडी झटका खाऊन उशिरा निघाली. मी ‘सुरुवात’पुढे लिहिलं: मंद. मग मी ऐकायला लागले. सरळ पट्ट्यावर आले की बाकीच्या गाड्यांचा आवाज एकदम खाली यायचा, गिअर वर टाकला की येतो तसा. लाल गाडीचा येत नव्हता. ती एकाच सुरात किंचाळत जायची. प्रत्येक फेरीला तेच. वळणावर इतर जण डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवून आत शिरत होते. दादाची चार बोटं मुठीला गुंडाळलेली होती, जणू बांधूनच ठेवलेली. तेव्हा मला कळलं. तो क्लच दाबतच नव्हता, म्हणून गिअरही बदलत नव्हता. त्याला दाबता येत नव्हता.

तो शेवटून दुसरा आला. टेम्पोत परतताना मी हळूच विचारलं, “दादा, हात दुखतो?”

“गप्प बस.” समोर दुसरा पोरगा जुन्या गाडीला धरून बसला होता. दादा खालच्या आवाजात म्हणाला, “शेठ आता ठरवणारेत नवी गाडी पुढे कोणाकडे ठेवायची. आपण निम्मा सीझन झाल्यावर बघू, असं म्हणालेत. तुझं ते छापून येईल ना, ते वाचतात.”

“मग मी काय लिहू?”

“जे दिसलं ते लिही. माझी बहीण आहेस म्हणून फुकटचं नको.” मग म्हणाला, “आणि जे दिसलं नाही ते लिहू नकोस.”

बाकीच्या टीमचं मी दोन दिवसांत लिहून काढलं. ठाण्याचं गॅरेज: ‘गाडी सर्वांत जुनी, पण प्रत्येक शर्यत पूर्ण केली. नियमित व कष्टाळू.’ कल्याण: ‘आरंभ उत्तम, पुढे लक्ष विचलित होते.’ डोंबिवली: ‘हुशार आहेत, पण वर्गात भांडतात.’ हे लिहिताना मला हसू येत होतं. नंतर वागळे इस्टेट आलं आणि पेन थांबलं.

सुरुवात मंद, वळण कच्चं, असं लिहिलं असतं तर ते दिसलं तेवढं खरं होतं. पण दादाला गाडी येत नाही असा त्याचा अर्थ झाला असता, आणि ते खोटं होतं. चांगलं लिहिलं असतं तर तो त्याच हाताने उन्हाळ्यापर्यंत त्या वळणात शिरत राहिला असता. आईला सांगावं का? आई त्याला घराबाहेर पडू देणार नाही, आणि तो माझ्याशी बोलणार नाही. मला काहीच धड ठरवता येईना.

तेव्हा मला माझी सातवी आठवली. सहामाहीच्या वेळी मला गोवर आला होता. बाईंनी माझ्या प्रगतीपुस्तकात गुणांच्या जागी लाल शाईने आडवी रेघ मारून लिहिलं होतं, ‘आजारी. गैरहजर. निकाल वार्षिकवर.’ मी रडत घरी आणलं. दादाने वाचलं, सही केली आणि म्हणाला, “रडतेस काय? नापास नाही ना झालीस? तू बसलीच नाहीस परीक्षेला. कोण काय बोलणार?” त्या दोन शब्दांनी मला किती बरं वाटलं होतं!

म्हणून मी वागळे इस्टेटच्या टीममध्ये दादापुढे तेच लिहिलं. त्याच्या नावाच्या जागी ‘लाल गाडीचा स्वार’. पुढे आडवी रेघ. ‘आजारी. गैरहजर. निकाल वार्षिकवर.’ मला वाटलं, यात कमीपणा नाही, खोटं नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळेल. संपादकांनी हौसेने चौकट आखली आणि खाली ‘पालकाची सही’ अशी रिकामी रेघही टाकली.

अंक आला त्या संध्याकाळी दादा घरात शिरला तेव्हा त्याच्या खिशातून अंकाचं टोक दिसत होतं. आई भाकरी थापत होती.

“मी गैरहजर होतो?”

“दादा, मला वाटलं...”

“चारही रेसला होतो मी! चारही! चहाच्या टपरीवर सगळे विचारतायत, ‘काय रे, खडवलीला काय तुझं भूत गाडी चालवत होतं काय?’”

“नापास लिहायचं नव्हतं मला.”

“लिहायचं ना! नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं. तू तर मला बसलोच नाही असं करून टाकलंस.”

आई भाकरी तव्यावर तशीच सोडून वळली. “काय आजार? कोण आजारी आहे?” तिने त्याचा डावा हात धरला आणि उलटा केला. मनगटाखाली एक उंचवटा होता. इतके दिवस तो लांब बाह्यांचा शर्ट घालत होता, तेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्याला दुकानात बोलावलं. ते त्यानेच नंतर सांगितलं. शेठनी अंक काउंटरवर ठेवला, आपला हात पुढे केला आणि म्हणाले, “दाब बघू.” दादाने दाबला. शेठ म्हणाले, “दाब ना.” तो म्हणाला, “दाबतोय.” शेठ चांगले होते, चहा पाजला. लाल गाडी दुसऱ्या पोराकडे गेली.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मनगटाचं हाड तेव्हाच मोडलं होतं आणि वेडंवाकडं जुळलंय. पुन्हा बसवावं लागलं. प्लास्टर निघाल्यावर अंगठा आणि दोन बोटं कामाची झाली. शेवटची दोन मिटत नाहीत. वर्कशॉपमध्ये त्याला दुसऱ्या मशीनवर घेतलं. आणखी दोन महिने असाच चालवला असता तर एवढीही राहिली नसती, असं डॉक्टर आईला म्हणाले. आई ते मला पुन्हा पुन्हा सांगायची, माझ्या समाधानासाठी. दादा तिथे असला की उठून बाहेर जायचा.

तो माझ्याशी बोलत होता, पण कामापुरतं. मी एकटीच खडवलीला जात राहिले. साडू आता मला मास्तरीण म्हणत नव्हते. नुसतं “बस ताई” म्हणून सावलीतली जागा द्यायचे.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते. दादा म्हणाला, “थांब, येतो.” कल्याणहून आम्ही कसारा गाडी धरली. ट्रॅकच्या कडेला तो माझ्या छत्रीशेजारी उभा राहिला, डावा हात खिशात. लाल गाडी समोरून गेली तेव्हा त्याची मान तिच्याबरोबर फिरली. तिचा आवाज सरळ पट्ट्यावर खाली आला.

“बरा चालवतो,” तो म्हणाला. “वळणावर घाबरतो थोडा. लिही.”

मी लिहिलं. सगळ्या टीमचं तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. डोंबिवलीवाल्यांचं भांडण आता कमी झालंय, हे त्यालाच दिसलं. शेवटी मी विचारलं, “आणि तुझं? निकाल वार्षिकवर म्हटलं होतं मी.”

त्याने माझ्या वहीकडे बोट केलं.

“हजर लिही,” म्हणाला. “उभा आहे ना इथे.”

मी तसं लिहून दिलं. संपादकांनी वाचलं आणि ती ओळ खोडली. “हा तर पुढचा निम्मा सीझन खेळलाच नाही. वाचकांना काय कळणार?” मी समजवायला गेले, पण मला नीट सांगता आलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

अंक आला तेव्हा दादाने तो मांडीवर पसरला. उजव्या हाताचं बोट चौकटीतून खाली नेत गेला, ठाणे, कल्याण, डोंबिवली, वागळे इस्टेट. तिथे थांबला. पुन्हा वरपासून वाचलं. मी दारात उभी होते. त्याने अंक घडी घालून फळीवर ठेवला.

“चहा ठेव गं,” म्हणाला.