खंडेनवमीला बोलावलेली मुलाखत

एका नोकरीसाठी माणसाला किती वेळा बोलवावं? मला एका फौंड्रीनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यानं, चार वेळा बोलावलं. निपाणीहून बेळगाव, दर खेपेला दोन तास बसमध्ये बहुतेक उभ्यानं. पदाचं नाव होतं कॉम्प्युटर प्रोग्रॅमर. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, आणि प्रोग्रॅमर नेमकं काय करतो हे त्या फौंड्रीच्या मालकांना ठाऊक नव्हतं, मॅनेजरांना तर नव्हतंच. मुलाखत मात्र कडक घ्यायची होती.

मला ती नोकरी हवी होती आईसाठी. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. वीस वर्षं ती धूळ ओढून छातीची पार वाट लागलेली. वखार सोडा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण सोडायची कुणाच्या जिवावर? वडील गेलेले, मी शिकत होते. बेळगावच्या टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा, तिथं मी वर्षभर कोबॉल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले. आठवड्यातून अर्धा तास मशीन, बाकी सगळं कागदावर. आई म्हणायची, "तुला लागली की त्या वखारीचं मी त्वांड बगणार न्हाय."

पहिल्या खेपेला लेखी परीक्षा झाली. पेपर मॅनेजरांनीच काढलेला. प्रोग्रॅमवर एक प्रश्न आणि बाकी सगळं घटप्रभा नदी कुठं उगम पावते, असलं. मी घटप्रभेचा उगमही लिहिला.

दुसऱ्या खेपेला तोंडी. मालक गप्प बसलेले, विचारायचं काम मॅनेजरांचं. कन्नड येतं का म्हणाले. येतं, हे मी कन्नडमधूनच सांगितलं. मग गाव कुठलं, गल्ली कुठली, वडील काय करायचे, आडनाव आधीपासून हेच का. गल्लीचं नाव ऐकलं आणि त्यांनी नुसतं "असं असं" म्हणून कागद मिटला. आम्ही बौद्ध. हे प्रश्न कशासाठी असतात ते आम्हाला शाळेपासून कळतं. सवय झाली म्हणून चीड यायची थांबते असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. कोबॉलबद्दल मात्र एक अक्षर नाही.

तिसरं पत्र आलं, प्रत्यक्ष मशीनवर परीक्षा. आता काय ते कळेल, असं वाटून मी पहिली बस पकडली. फौंड्रीच्या फाटकालाच झेंडूचं तोरण. आत गेले तर लेथला हार, क्रेनला हार, आणि काचेच्या खोलीत कॉम्प्युटरच्या गळ्यात सगळ्यांत मोठा हार. कीबोर्डवर हळदीकुंकू, पुढ्यात नारळ, शेजारी फ्लॉप्यांचा डबा उघडून ठेवलेला आणि त्याच्यावरही फुलं. खंडेनवमी होती.

"आज हत्यारं पूजेला ठेवल्यात," मॅनेजर म्हणाले. "दसऱ्यापर्यंत मशीनला हात लावायचा न्हाय. पुढच्या आठवड्यात या."

"मग आजचं बोलावणं कशाला धाडलं?"

"पत्र गेलतं आधीच. तारखेकडं कुणाचं लक्ष?"

हातावर पेढा आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवून त्यांनी माझी बोळवण केली. रागाच्या भरात मी तो पेढा स्टँडवर पोचायच्या आतच खाऊन टाकला.

चौथ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी आईला सांगितलं, "उद्या एकदा मशीनवर बसले की झालंच समज." वर्गातल्या कुणापेक्षा मला चांगलं येत होतं, त्यामुळं खोटं बोलतेय असं मला वाटलं नाही.

काचेच्या खोलीत मालक, मॅनेजर आणि मी. मी मशीन सुरू करायची फ्लॉपी घातली, बटण दाबलं. आतून खरखर आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली की फ्लॉपी वाचता येत नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. बाहेर काढून उजेडात धरली. फ्लॉपीच्या काळ्या वेष्टणाला एक फट असते, तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. तिथं साधं बोटही लावायचं नसतं. इथं त्या फटीवरच हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ठसठशीत बोटं उमटली होती. कुणीतरी कीबोर्डसारखी फ्लॉपीचीही मनोभावे पूजा केली होती.

"पूजेच्या आदल्या दिवशी चालू हुतं," मॅनेजर मालकांना म्हणाले. "आता हिचा हात लागला आणि बंद."

हिचा हात. म्हणजे काय ते मला कळलं, मालकांनाही कळलं असावं, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले. फ्लॉपी जुनी झालीय, नवी मागवा, एवढं बोलून मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. मला ते त्या क्षणीही माहीत होतं.

"माझ्या हातानं नाही," मी म्हटलं. "तुमच्या हळदीकुंकवानं बंद पडलंय. हे बघा."

मालक वळले. "आमच्या आईनं केली ती पूजा."

"मग त्यांना सांगा, देवाला चालतं ते मशीनला चालत नाही."

मालक म्हणाले, "कळवतो." कळवलं नाहीच. पुढं टिळकवाडीच्या वर्गातल्या सरांकडून समजलं की पुण्याहून एक इंजिनीअर आला होता. त्यानं फ्लॉपी बघितली, मी सांगितलं तेच सांगितलं, नवी घातली. त्याला जेवू घालून पाठवलं म्हणे.

घरी येऊन मी आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं, मॅनेजरांच्या नकलेसकट. ती हसली, हसता हसता खोकली. "बरं केलीस," म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं मी आज मुकादमाला सांगून आल्ये गं. सोमवारपास्नं येत न्हाय म्हणून."

माझ्या भरवशावर सांगून आली होती. मी दिलेल्या भरवशावर.

सोमवारी तिच्या मागोमाग मीही गेले. वखारीच्या दारात मुकादम उभा होता. आईनं त्याला हात जोडले. "पोरीचं जमलं न्हाय. मला परत घ्या." तिची चाळणी दुसऱ्या बाईला दिलेली होती. मुकादमानं तिला मागच्या अंगाला बोट दाखवलं, पोत्यांत गर्दा, तंबाखूचा बारीक चुरा, भरायला. वखारीतली सगळ्यांत वाईट धूळ तिथंच. आई पदर तोंडाला बांधत त्या बाजूला गेली. मी मुकादमासमोर तशीच उभी राहिले, आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.