आगीचा बंब आणि न भिजलेली खारी

त्यांच्या तोंडाचा रंग बदलला. आधी लाल, मग जांभळट. डावा हात लुळाच होता, उजव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलं. ठसका लागला की माणूस खोकतो. हे खोकत नव्हते.

"वर बघा, वर बघा," म्हणत मी नवऱ्याच्या टाळूवर थापट्या मारल्या. आमच्याकडं ठसक्याला हेच करतात. नात फोन घेऊन रिक्षा बघायला बाहेर पळाली. माझा आवाज ऐकून शेजारीण आली, तिनंही टाळू बडवली. मागोमाग तिची सासू.

"कुणीतरी लई आठवण काढतंय यांची," सासू म्हणाली.

"गंगापूरची बहीण असंल. काका, नाव घ्या तिचं, थांबंल."

"पाच महिने झाले त्यांची वाचा गेली," मी म्हणाले. "नाव काय घेतील?"

"मग तुम्ही घ्या त्यांच्या वतीनं."

हे सगळं झालं एका पिक्चरपायी.

नात कॉलेजात पिक्चर कसे बनवतात ते शिकते. तिला एक जुना परदेशी पिक्चर पाहून त्यावर लिहून न्यायचं होतं. हर्सूलच्या आमच्या घरात टीव्ही एकच, तो यांच्या पलंगासमोर. चारच्या चहाची वेळ होती. लकव्यानंतर यांना गिळायला जड जातं. दवाखान्यातल्या बाईनं मला शिकवून ठेवलं होतं: खारी चहात पूर्ण भिजवायची, हनुवटी खाली ठेवायची, जेवताना टीव्ही नको. मी टीव्ही लावू दिला.

पिक्चर एका छोट्या गावातल्या आगीच्या बंबाचा. गावात कधी आगच लागलेली नाही. कॅमेरा घेऊन कुणीतरी त्या बंबवाल्यांच्या मागं फिरतंय आणि ते आपलं काम समजावून सांगतायत, हिंदीत. त्यांचा साहेब छाती काढून म्हणाला, "आजवर आम्ही एकदाही हरलो नाही." मला तो माणूस बरा वाटला. मी चौथी शिकलेली. समोर कॅमेरा धरून माणूस बोलतोय म्हणजे ते खरंच असणार, बातम्यांसारखं. नात हसली तेव्हा मी तिला झापलं.

"काय गं, गरिबाच्या नोकरीला हसतीस?"

"आजी, हे खोटंय. खऱ्यासारखं केलंय."

"खोटं असतं तर ते हसले नसते का?"

"तेच तर. एकजण पण हसत नाय."

मग मी नीट पाहू लागले. आपल्याकडचा विनोदी नट डोळे फिरवतो, धोतर सोडतो, वर संगीत वाजतं, म्हणजे हसा. इथं कुणी सांगतच नव्हतं कुठं हसायचं. ते लोक सरावाला निघाले. एकाला शिडीवर चढवलं आणि खाली चौघांची सभा भरली, शिट्टी कुणी वाजवायची. सभा संपेना. वरचा माणूस शिडीला धरून सगळ्यांकडं आशेनं बघतोय. मी टीव्हीत एवढी घुसले की खारी चहात बुडवली न बुडवली आणि यांच्या तोंडात दिली.

आणि हे हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मला कळायच्या आधीच त्यांना कळलं होतं. खारी घशात गेली.

आता टाळू बडवणाऱ्या आम्ही तिघी झालो होतो.

"पाणी पाजा," सासू म्हणाली.

"पाणी नको, साखर," शेजारीण म्हणाली.

"साखरेनं काय व्हतंय? माझ्या दिरांना पाणीच दिलं होतं."

"मग काय झालं त्यांना?"

"ते गेले. पण ते दुसऱ्या कारणानं."

टीव्ही चालूच होता. शिडीवरचा माणूस अजून वरच होता. खाली ते चौघं शिट्टीवर बोलत होते. मी यांच्याकडं पाहिलं. यांची मान आम्हीच वर करून धरली होती.

"व्हा बाजूला," मी म्हणाले. शेजारणीच्या सासूला ढकललंच. यांना पुढं वाकवलं, छातीला एक हात लावला आणि दोन खांद्यांच्या मधोमध मारलं. दवाखान्यातल्या बाईनं दाखवलं होतं तसं, पण तिनं हळू दाखवलं होतं. मी जोरात मारलं. चौथ्या की पाचव्या फटक्याला तुकडा चादरीवर पडला. अंगठ्याच्या नखाएवढा, कोरडा.

हे खोकले. श्वास घेतला. डोळ्यातून पाणी आलं. मग उजवा हात उचलून त्यांनी टीव्हीतल्या शिडीकडं बोट केलं आणि अर्ध्या तोंडानं पुन्हा हसले.

"डोक्यावर परिणाम झाला वाटतं," सासू म्हणाली.

परिणाम काही नव्हता. डोकं जाग्यावर होतं. डॉक्टरलाही ते खात्रीनं सांगता आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. यांना भरवताना टीव्ही बंद. खारी इतकी भिजवते की वाटीत तिचा लगदा होतो, तरी घास गेला की घशाकडं बघते, मग उठते, मग परत बघते. दुसऱ्या दिवशी यांनी टीव्हीकडं बोट करून करून उरलेला पिक्चर लावायला लावला. मी तो उभ्यानं पाहिला, एक डोळा यांच्या गळ्यावर. पिक्चर चांगलाय. शिडीवरचा माणूस शेवटी आपला आपणच उतरतो आणि खाली कुणाच्या लक्षातही येत नाही. मी हसले, पण पदर तोंडाला लावून, यांना आणखी हसू येऊ नये म्हणून.

त्या दुपारी शिडीवर एक आणि पलंगावर एक असे दोघं अडकले होते, पण जीव यांचाच अडकला होता. हे वाचले.