कोल्ड रूममध्ये मॅडमशी कोण बोललं?

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचायचे. मी बायोकेमिस्ट्रीवाली. जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, अशी सवय लागलेली. तरी आज लिहितेय, कारण राग जात नाहीये. भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. नुसता राग येतो.

मी मूळची वाईची. पीएचडीसाठी सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. माझ्याबरोबर मंगल होती, कवठे महांकाळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमचं काम थोडक्यात सांगते. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. त्यांच्या आतल्या पडद्यात काही वाहक प्रथिनं बसलेली असतात. एक रेणू आत घ्यायचा, एक बाहेर सोडायचा, हे त्यांचं काम. मेंढीच्या हृदयातून असं एक प्रथिन जिवंत वेगळं काढायचं होतं. पण डिटर्जंट घालून पडद्यातून सोडवलं की ते विरघळून मरायचं.

ते मरू न देता काढलं मंगलनं. एका काटेरी झाडाचं विष त्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवतं, हे पुस्तकात आहे. पण आमच्या नमुन्यात ते कधी घालायचं, किती मुरू द्यायचं, हे तिनं कोल्ड रूममध्ये कुडकुडत शोधलं. भावाचा मिलिटरीचा हिरवा स्वेटर घालून, बाह्या दुमडून. मला समजावताना म्हणायची, "आगं रूपा, ह्ये वाड्याचं दार हाय बघ. एक मेंढरू आत गेलं की एक भायेर. दार काढायचं आसंल तर आधी अडसर घाल, मग चौकटीतनं काढ. न्हाईतर हातात नुसता भुसा येतोय."

गावी जाताना गाडीवर अपघात झाला आणि मंगल गेली.

शोकसभेत आमचे गाइड, लॅबचे सर, फार सुंदर बोलले. आणि पुढच्याच आठवड्यात त्या कामावरच्या शोधनिबंधाचा, म्हणजे पेपरचा, मसुदा माझ्यासमोर ठेवला. ज्याचं मुख्य काम, त्याचं नाव पहिलं, अशी आमच्याकडे रीत. मंगलच्या जागी पहिलं नाव माझं!

"सर, हे काम तिचं आहे."

"गेलेल्या माणसाला पेपरचा काय उपयोग? शेवटी आभारात घेतलंय की तिला. तू भावनेच्या भरात करिअर घालवू नकोस."

मी म्हटलं, मग माझंही नाव काढा. सर हसले आणि मसुदा ड्रॉवरमध्ये टाकला. नंतर रोज भांडण. मी विचारायचं, त्यांनी फोन उचलायचा.

अशात पुण्याहून एक मॅडम आल्या. पुढचं काम आमच्याबरोबर करावं का, हे बघायला. रविवार होता, कॉलेज बंद. लॅबमध्ये सर, मी आणि मॅडम, एवढेच. दुपारी मॅडम कोल्ड रूममध्ये कॉलम, म्हणजे प्रथिन वेगळं करायची उभी नळी, बघायला गेल्या. सर आणि मी बाहेर पेपरवरूनच दबक्या आवाजात वाद घालत होतो. कोल्ड रूमला दार एकच, आणि ते आमच्या समोर.

मॅडम बऱ्याच वेळानं हात चोळत बाहेर आल्या, खूश दिसत होत्या.

"तुमची ती विद्यार्थिनी फार हुशार आहे हो. विष आधी का घालायचं, ते मला मेंढराच्या दाराचं उदाहरण देऊन सांगितलं. आधी अडसर, मग चौकट. मी वर्गात वापरणार आहे हे."

सर म्हणाले, "कोण विद्यार्थिनी?"

"आत आहे ना. मोठा हिरवा स्वेटर घातलेली. बोलते जरा गावाकडचं. मसुद्यात तिचं नाव कुठलं?"

मी धावत आत गेले. कॉलममधून थेंब पडत होते. कोणी नव्हतं. तो स्वेटर तर मंगलची आई सामानाबरोबर घेऊन गेली होती, पिशवीत मीच भरून दिला होता.

मी बाहेर येऊन मॅडमना मंगलबद्दल सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग सरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पहिलं नाव तिचं असेल तरच मी पुढे येईन."

आणि सर काय म्हणाले असतील? मॅडम गेल्यावर माझ्यावर खेकसले, "कुणाला उभं केलं होतंस आत? नाटकं करतेस?" शेजारी शेजारी उभं राहून, त्याच दाराकडे तोंड करून बोलत होतो आम्ही, आणि हा माणूस मला हे विचारतो! मी म्हटलं, "सर, तुम्हीच सांगा, ती कुठून आत गेली आणि कुठून बाहेर पडली?" ते बॅग उचलून निघून गेले.

पेपर छापून आला. पहिलं नाव मंगलचं. माझं दुसरं, जिथे हवं तिथे.

मॅडम नंतर फोनवर म्हणाल्या, थकवा असेल, तुमच्यापैकी कोणाकडून ऐकलं असेल. पण ते उदाहरण सरांना माहीतच नव्हतं, आणि मी मॅडमना सांगितलेलं नव्हतं. मंगलनं ते मसुद्यातही कधी लिहिलं नव्हतं.

छापील प्रत घेऊन मी कवठे महांकाळला गेले. मंगलच्या आईला बरं वाटेल, म्हणून त्या रविवारचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मावशींनी पेपरवरच्या नावावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं ते असं, की मी नजर खाली घातली.

"परक्या बाईला दिसली. बोलली बी."

"व्हय मावशी."

"आन मी रोज दारात बसून आस्ते. माझ्याकडं यायला तिला काय झालं हुतं?"

मीही त्या कोल्ड रूममध्ये रोज जाते. मला तरी कुठे भेटली ती?