रोजच्या रस्त्यानं गेलेला मोर्चा

बोलण्याआधी चाचा मूठ तोंडापुढं धरायचे, तिच्यात फू फू करायचे आणि मगच बोलायचे. हातात माइक असायची गरज नव्हती. हॉटेलात चहा मागायचा तरी आधी फू फू. घरी बीबीनं कालवणात मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी आधी फू फू, मग "हाव!" मागच्या गल्लीलाही कळायचं की आज चाचांच्या घरी मीठ बरोबर पडलंय.

लातुरात रिक्षावर भोंगे बांधून पुकारा करत फिरणं हा त्यांचा धंदा. माझं दुकान भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटऱ्या दुरुस्त करायचं. म्हणजे त्यांच्या घशाचा डॉक्टर मीच. आवाज कसा होता म्हणाल, तर चाचांनी लातुरात साड्यांचा सेल पुकारला की रेणापूरच्या बायका पिशव्या घेऊन एसटीत बसायच्या. वारा त्या दिशेचा असता तर अर्धापूरची केळी अढीत घालावी लागली नसती, नुसत्या आवाजाच्या धगीनं पिकली असती. कुणी म्हणेल, फेकतोय. म्हणू द्या. त्यानं तो आवाज ऐकलेला नाही.

सकाळी सर्कस, दुपारी मयत, संध्याकाळी वरात. भोंगे तेच, बॅटरी तीच आणि शेवटचं वाक्यही तेच, "ऐकणाऱ्यानं ऐकावं, न ऐकणाऱ्यानं बी ऐकावं!" मी एकदा म्हटलं, "चाचा, निदान मयतीच्या पुकाऱ्यात तरी हे नको."

"का नको? न ऐकणाऱ्याचीच तर मयत हाय, भाऊ."

मग गावात क्लासेस आले. भूकंपानं आमचं गाव हललं होतं, क्लासेसनी ते उपटून पुन्हा लावलं. बाभळी होत्या तिथं मजले उगवले. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. आमच्या गल्लीनं गोठे धुतले, पत्रे टाकले, कॉट मांडल्या. जिथं एक म्हैस मावत नव्हती, तिथं तीन डॉक्टर मावू लागले. डॉक्टर म्हणजे, होणारे.

सगळ्यात मोठ्या क्लासचा पुकारा चाचांकडं आला. फेरी ठरलेली. आमच्या गल्लीतून निघायचं, तिकाटण्यावर उजवीकडं वळायचं, क्लासच्या फाटकापुढं रिक्षा उभी करायची आणि वरच्या खिडकीतून सर हात हलवीपर्यंत त्यांचंच कौतुक त्यांना ऐकवायचं. चाचांची चूल त्या फेरीवर चालायची. माझंही दुकान थोडंफार त्यांच्याच घशावर चालायचं, खोटं कशाला बोलू.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी दूरच्या पाहुण्यासारखं वागायला लागलं. कधी येणार ते सांगायचं नाही, आलं की आधी खाकरायचं, आणि कुणी घागर पुढं करेपर्यंत उठून चालायला लागायचं. चाचांची बीबी गुडघ्यांनी अधू, त्यामुळं पाणी तेच आणायचे. हापशावर हापसून हापसून असा दम लागायचा की सकाळच्या पुकाऱ्यात सरांच्या नावाचं पहिलं अक्षरच गळायचं. आणि क्लासच्या वसतिगृहाला टँकरमागून टँकर. टाकी भरून वाहायची, भिंतीवर शेवाळ धरलेलं. भर मे महिन्यात लातुरात शेवाळ! आम्ही पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचो.

गल्लीत खानावळ चालवणाऱ्या मावशी एके दिवशी रिकामी कळशी आपटून म्हणाल्या, "बास झालं. आता मोर्चा."

"कुणावर?" मी विचारलं.

इथंच सगळं अडलं. कुणी म्हणालं नगरपालिकेवर, कुणी म्हणालं कलेक्टरवर. एकजण म्हणाला, पाणी ज्याच्याकडं हाय त्याच्यावर, क्लासवर. तशा मावशी उसळल्या, "क्लासवर? मग माझ्याकडं जेवंल कोण? आन् तुझ्या खोलीत राहतं कोण रे, तुझा आज्जा?" राग तर सगळ्यांना आलेला होता, पण तो ठेवायचा कुठं ते कळेना. शेवटी नगरपालिका ठरली, कारण तिच्यावर कुणाचं जेवण नव्हतं.

दुपारी मोर्चा निघाला. पुढं चाचांची रिक्षा, मागं बायका, बाप्ये, घागरी, हंडे. सगळा महाराष्ट्र होता म्हणत नाही, अर्धा होता. बॅटरी सांभाळायला मी मागच्या सीटवर. चाचा एका हातानं रिक्षा चालवत, डोळे अर्धे मिटून पुकारत होते, "पाणी आमच्या हक्काचं! ऐकणाऱ्यानं ऐकावं..."

तिकाटण्यावर नगरपालिका डावीकडं. चाचा उजवीकडं वळले.

मी पाहिलं. बोललो नाही. वाटलं, बेत बदलला असंल. पुढच्या रांगेला वाटलं, चाचाला माहीत हाय. मागच्यांना वाटलं, पुढच्यांना माहीत हाय. तुम्ही कधी मोर्च्यात चालला असाल तर तुम्हाला हे नवीन नाही.

क्लासच्या फाटकापुढं रिक्षा रोजच्यासारखी थांबली. वरची खिडकी रोजच्यासारखी उघडली आणि सरांनी रोजच्यासारखा हात हलवला. नेमका त्याच वेळी एक टँकर मागं मागं येत आत शिरायला लागला, पाणी सांडत.

एक घागर उडाली आणि खिडकीची काच खाली आली. कुणी टाकली, आजवर कळलेलं नाही. माणसं टँकरवर चढली. वसतिगृहाच्या गॅलऱ्यांतून पोरं ओरडायला लागली, "मावशी! ओ मावशी!" ती पाठिंबा देत होती की संध्याकाळी काय भाजी आहे ते विचारत होती, देवाला ठाऊक. मावशी खालून हातवारे करत होत्या, "आत व्हा रे, लागंल कुणाला तरी!"

सर धावत खाली आले. "चाचा, तुम्ही? घरचा माणूस तुम्ही!"

"सर, मी तर नगरपालिकेला निघालो होतो," चाचा म्हणाले. माइक चालूच होता. सगळ्या चौकानं ऐकलं. काही माणसं दगड हातात धरून हसली.

"मग सांगा यांना, मागं फिरा म्हणून. तुमचं ऐकतील." सर जवळ आले, आवाज उतरवला. "उद्या फेरीला यायचंय ना?"

तेही भोंग्यातून गेलं.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी बॅटरीकडं पाहिलं. मग चाचा म्हणाले, "सर म्हणून राहिले, मागं फिरा. फिरायचं का?"

टँकरची तोटी वाहतच होती. मावशींनी कळशी तिच्याखाली सरकवली.

"मग असं नका सांडू," चाचा म्हणाले. "रांग धरा. म्हाताऱ्या माणसांना आधी. लेकुरवाळ्यांना आधी. ढकलू नका, समद्यांना भेटंल."

हा आवाज विकायचा नव्हता. भूकंपानंतर गावोगावची माणसं ट्रकांतून दवाखान्यात येत होती, तेव्हा फाटकाशी उभं राहून चाचा याच आवाजात सांगत होते, कुठं पाणी आहे, कुठं चादरी आहेत, कुणाचं लेकरू कुणापाशी आहे. तेव्हा ऐकला होता, नंतर आजच. आणि खरं सांगतो, रांग लागली. इतकी सरळ रांग लातुरात रेशनलाही लागली नव्हती.

पोलिस आले तेव्हा निम्मा टँकर गल्लीत पोचलेला होता. "पुढारी कोण?" साहेबांनी विचारलं. ज्याच्या हातात माइक, तो पुढारी. ठाण्यात चाचा सारखे सांगत होते, "साहेब, मी रोजच्या रस्त्यानं गेलो."

"म्हंजी दंगा रोज करतो का?"

सोडलं त्यांना. भोंगे ठेवून घेतले. फेरी गेली, आणि क्लासची फेरी गेली म्हटल्यावर बाकीच्या दुकानांनीही हात आखडले. नळाला काही दिवस मात्र झकास पाणी आलं. गल्ली पाणी भरत होती, भाडी घेत होती आणि चाचांना लांबूनच नमस्कार करत होती. आमच्या हॉटेलात दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, म्हाताऱ्यानं ठरवून मोर्चा वळवला, वाघ आहे. दुसरा म्हणायचा, वाघ कसला, सवयीचा बैल आहे. मी दोन्हीकडून भांडायचो.

एकदा त्यांना सरळच विचारलं, "चाचा, वळण चुकलं, का चुकवलं?"

"भाऊ, मला बी कळून नाही राहिलं. इचार करू दे."

विचार करता करता ते बीबीला घेऊन जावयाकडं गेले, इस्लापूरला. श्रावणात मी भेटायला गेलो. जावई म्हणाला, सहस्रकुंडावर बसलेत, रोज बसतात. धबधबा असा भरला होता की आख्खं लातूर त्यात वर्षभर न्हालं असतं, उरलेल्यात नांदेड. चाचा खडकावर बसले होते, पायाला तुषार लागत होते. मी शेजारी बसून कानाशी ओरडलो, "चुकलं, का चुकवलं?"

ते सावकाश वळले. पाण्याकडं पाहत बोलायला लागले. बराच वेळ बोलले, बोट वर करून, एकदा छातीवर हात ठेवून, मध्येच हसून. त्या पाण्यापुढं मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. त्यांचं बोलणं संपलं, तेव्हा ते माझ्याकडं पाहत राहिले, पटलं का म्हणून.

मी मान हलवली. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

त्याच वर्षी थंडीत चाचा गेले. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगतो, मला त्यांनी सगळं सांगितलंय.