सिटिंग केस

सीमेजवळच्या एका लहान फील्ड हॉस्पिटलमध्ये माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. रँक लेफ्टनंट, काम नर्सिंग ऑफिसरचं. सोलापूरच्या गिरणी कामगाराची मुलगी. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. हजर झाले त्या सकाळी कमांडिंग ऑफिसरना इतका कडक सॅल्यूट ठोकला की पाय घसरला आणि त्यांच्या बुटांसमोर बसकण मारली. "उठा, लेफ्टनंट," ते म्हणाले. एवढंच. अंगाला लागलेला बर्फ झटकून मी उठले. त्या चोवीस वर्षांच्या बाईची, म्हणजे माझी, मिजास मात्र तिथे पडली नाही, हे दुर्दैव.

दिवस ठरलेला असे. ०५३० ला उठणं, ०६०० ला वॉर्ड, ०७०० ला ड्रेसिंगचा राउंड, ०८३० ला औषधांची मोजदाद. एक दगडी इमारत, दोन तंबू, वीस खाटा. सर्जन एकच, मेजर होते. ते दिवसाला चाळीसएक शब्द बोलत, त्यातले निम्मे "पुढचा" असत.

सिव्हिलियन वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. जखमी येतात तेव्हा दारातच त्यांची वाटणी होते. झोपवून आणावा लागतो तो लायिंग केस, बसू शकतो तो सिटिंग केस. मग प्रायॉरिटी. वन म्हणजे लगेच टेबलावर, थ्री म्हणजे थांबू शकतो. तशी चिठ्ठी लिहून गळ्यात बांधायची. हे काम एका कॅप्टन डॉक्टरांचं होतं. त्या सकाळी ते तापाने पडले होते. मेजर म्हणाले, "सिस्टर, दारावर तुम्ही." मला एवढा आनंद झाला की मी आरशात टोपी सरळ करून आले. खरंच आले.

०९१५ ला फोन वाजला. गाडी माइनवर गेली होती. सहा जखमी, पंधरा मिनिटांत पोहोचतील.

०९३२ ला ट्रक आवारात शिरला. मागची फळी पाडली तेव्हा आधी रक्त खाली आलं, मग माणसं. ड्रायव्हर सिपाही दिनेश. उजवा पाय गुडघ्याखाली कातडीच्या एका पट्टीवर लोंबत होता, बूट पायातच, नाडी व्यवस्थित बांधलेली. डावीकडे मांडीचं मांस निघालेलं. मी रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निके, आवळायला गेले तर हात घसरत होते. तिसऱ्या वेळी बसला. लायिंग, वन. दुसरा सिपाही रघुबीर, वय एकोणीस. खालचा जबडा नव्हता. श्वास घेतला की तोंडाच्या जागी लाल बुडबुडे यायचे. त्याला कुशीवर वळवलं, घशातले दात बोटांनी काढले. लायिंग, वन. तिघांचे हात आणि चेहरे फाटले होते, त्यांना टू.

सहावे हवालदार मारुती. ते स्वतःच्या पायांनी उतरले. इतकंच नव्हे, दिनेशच्या स्ट्रेचरचं एक टोक त्यांनी दारापर्यंत धरून आणलं. मग वाळूच्या पोत्यांना टेकून बसले.

"आप?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "म्याडम, मी ठीक हाय. त्या पोरास्नी बगा आदी."

त्या गोंधळात मराठी ऐकून मी विरघळलेच. "कुठले?"

"करमाळ्याकडचा. उजनीच्या काठाला गाव हाय."

"मी सोलापूरची."

"मंग घरचंच मानूस की. म्याडम, खिशात पाकीट हाय. एक पेटवून द्या."

मी पाकीट काढलं, सिगारेट त्यांच्या ओठात दिली, काडी ओढली. चिठ्ठीवर लिहिलं: सिटिंग, थ्री. गळ्यात बांधली. या सगळ्याला दोन मिनिटं लागली आणि ती आवारातली सगळ्यात सुखाची दोन मिनिटं होती.

०९५० ला पहिला शेल लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, मागे पडला. ०९५३ ला दुसरा आवारात. आवाज मी ऐकलाच नाही. मी दारासमोर होते आणि मग दाराच्या चौकटीवर होते. डावा कान गरम झाला. उठले तेव्हा एक तंबू नव्हता. रघुबीरचं स्ट्रेचर उलटं पडलं होतं, त्याच्याखाली रघुबीर, पाठीत हाताच्या पंजाएवढी लोखंडाची चीप. बुडबुडे थांबले होते.

आतून मेजर ओरडले, "सिस्टर, लॅम्प!"

लाइट गेली होती. मी लॅम्प धरला. त्यांनी दिनेशचा पाय कापला आणि माझ्याकडे दिला. सुटा पाय फार जड असतो, हे कोणी शिकवत नाही. एका हातात पाय, दुसऱ्या हातात लॅम्प, आणि माझ्याच कानातलं रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. बाहेर तिसरा शेल पडला, छताची माती उघड्या मांडीत पडली. मेजरांनी ती सलाइनने धुतली आणि पुढे कापत राहिले. १०१८ ला दिनेशने टेबलावरच जीव सोडला.

"पुढचा."

मी बाहेर आले. हवालदार मारुती तसेच बसले होते. सिगारेट फिल्टरपर्यंत जळाली होती, राख कोटावर सांडलेली.

"हवालदार, बोट भाजेल," मी म्हणाले.

ते हलले नाहीत. मी कोटाची बटणं काढली. थंडीचा जाड, कापूस भरलेला कोट. बाहेरून कोरडा. आतला सगळा कापूस रक्ताने फुगला होता. डाव्या बगलेखाली दोन बोटं जातील एवढं भोक, माइनच्या चिपेचं. माणूस माझ्यापासून आठ पावलांवर, त्या कापसात, चाळीसएक मिनिटं रिकामा होत होता.

मेजर बाहेर आले. चिठ्ठी वाचली. "कोणी लिहिली?"

"मी, सर."

"कोट उघडला होता?"

"नो सर."

त्यांनी चिठ्ठी सोडवून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पुढचा."

हवालदारांच्या पाकिटात चार सिगारेटी उरल्या होत्या. ११४० ला जनरेटरच्या आडोशाला मी त्यातली पहिली ओढली. खोकून डोळ्यांतून पाणी आलं. रडण्यापेक्षा ते बरं दिसत होतं.

बाराव्या दिवशी, क्वार्टरमध्ये केस विंचरताना मला फिट आली. जाग आली तेव्हा जमिनीवर होते, जीभ चावलेली, कंगव्याचे दात मोडलेले. कोणी पाहिलं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. फौजेत प्रत्येकाला मेडिकल कॅटेगरी असते. डोक्याला मार आणि वर फिट, म्हणजे कॅटेगरी खाली, प्रमोशन बंद, घरी पाठवणी. दुखणं लपवण्याची कला तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना येते. वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारत, "एनी कम्प्लेंट?" मी ताठ उभी राहून म्हणे, "नो सर." कान तर तेव्हाही वाजत असे. मला ते शौर्य वाटायचं. चोवीस वर्षांच्या बाईला काहीही वाटतं.

पुढे कॅप्टन होऊन बाहेर पडले, लग्न, सोलापूर, खाजगी दवाखान्यातली नोकरी, मुलगा, सून, नात. फिट पुन्हा आली नाही. सिगारेट राहिली. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे माझी पोस्ट आहे. खरेदीला स्कूटीवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत जाते, कारण तिथल्या टपरीवाल्याला मी पहिल्याच दिवशी "साहेबांसाठी" म्हणून सांगितलं होतं. साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन सहा वर्षं झाली. तो अजून विचारतो, "साहेब बरे आहेत ना? कमी करा म्हणावं." मी निरोप घेऊन येते.

मागच्या उन्हाळ्यात उजव्या पोटरीत गोळे येऊ लागले. शंभर पावलं चाललं की थांबायचं. मग पायाची करंगळी निळी पडली. सून स्वाती शाळेत शिकवते. तिने पाय पाहिला आणि मला रिक्षात घातलं. सात रस्त्याजवळचे डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान.

"आजी, पायाची नस चोंदलीय. सिगारेट किती?"

"आठ."

"अकरा," स्वाती म्हणाली. "टाकीमागची थोटकं मी झाडते."

डॉक्टर म्हणाले, "सिगारेट बंद झाली तर पाय वाचवता येईल. नाही झाली तर आधी बोट, मग पाऊल. तुम्ही नर्स होता, पुढचं सांगायला नको."

नको होतंच. एका हातात पाय, एका हातात लॅम्प.

नुसत्या निश्चयाने मी चार वेळा सोडली होती. विक्रम नऊ दिवसांचा. निकोटिनचं च्युइंगम खाल्लं तर ते कवळीला चिकटलं आणि पाहुण्यांसमोर कवळी हातात आली. म्हणून डॉक्टर म्हणाले, गोळी लिहून देतो, तलफ कमी होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "फिट येते? डोक्याला कधी मार?"

"नो सर," मी म्हणाले.

त्या खोलीत कोणाचंही प्रमोशन अडलेलं नव्हतं.

दुपारी गच्चीवर चष्मा लावून गोळीच्या डब्यातला कागद वाचला. पूर्वी फिट आली असेल तर घेऊ नये. डोक्याला मार असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळी तळहातावर घेऊन बसले. हिशेब करून पाहिला. फिट एकच, चाळीसेक वर्षांपूर्वीची. कदाचित काही होणारही नाही. गोळी गुपचूप फेकून द्यावी, तर अकरा सिगारेटी आणि करंगळी. खरं सांगावं, तर डॉक्टर कदाचित कुठलीच गोळी देणार नाहीत, आणि स्वाती सगळ्यात आधी स्कूटीची किल्ली काढून घेईल. पाय वाचवायचा की किल्ली, यावर मी पाऊण तास विचार केला. काही माणसं वयाने वाढतात, एवढंच.

जिन्यातून स्वातीने हाक मारली. "आई, काय करताय वर? बरं नाही का वाटत?"

"मी ठीक आहे," मी म्हणाले.

बोलले आणि गोळी मुठीत आवळली. हे वाक्य मी ओळखत होते. यावर विश्वास ठेवून मी एकदा चिठ्ठी लिहिली होती.

गोळी डब्यात परत ठेवली. दुसऱ्या दिवशी ११०० ला डॉक्टरांसमोर बसले. फिट, कान, शेल, सगळं सांगितलं. स्वाती शेजारी होती. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली.

"आजी, मी विचारलं होतं."

"विचारलंत. मी खोटं बोलले. चूक तुमची नाही."

"का पण?"

"सवय."

मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवणी झाली. तपासण्या झाल्या. त्यांच्या संमतीने मग दुसरी गोळी मिळाली. मळमळेल, डॉक्टर म्हणाले, आणि स्वप्नं पडतील. फार खरी वाटणारी. असह्य झालं तर लगेच कळवा, लपवू नका.

"स्वप्नं कसली?" मी विचारलं.

"ज्याची त्याची."

घरी येताना स्वाती रिक्षात एकच वाक्य बोलली. "किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

आठव्या दिवशी शेवटची सिगारेट. स्वप्नं त्याआधीच सुरू झाली. फळी पडायची, रक्त यायचं. उलटं स्ट्रेचर मी सरळ करायचे, तर खाली माझी नात. एका आठवड्यात मी एकाच माणसाचा कोट अकरा वेळा उघडला. दर वेळी लवकर उघडायचे, दर वेळी आत तेच. सकाळी स्वाती चहा देताना विचारी, "कोण आलं होतं?" मी नावं सांगे. डॉक्टरांनाही कळवलं, त्यांनी संध्याकाळच्या गोळीची वेळ अलीकडे आणली. स्वप्नं कमी झाली, बंद नाही झाली. गोळी मी सोडली नाही. तलफ तर अशी यायची की एकदा मी टाकीमागे जाऊन नुसती काडी ओढून वास घेतला. कॅप्टन, निवृत्त, काडी हुंगताना.

बारा आठवडे संपले. करंगळीचा रंग परत आला.

गेल्या महिन्यात मी हवालदार मारुतींच्या गावी गेले. रेकॉर्डवरचा पत्ता तेव्हापासून माझ्याकडे होता. एसटीच्या थांब्यापासून वस्ती एक किलोमीटर, एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. मी दोनदा थांबले, पण पोहोचले.

त्यांच्या पत्नी सोजरबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. सत्तरी ओलांडलेली. मी कोण ते सांगितलं. पाणी प्याले आणि उभ्यानेच बोलून टाकलं. "ताई, त्या दिवशी दारावर मी होते. ते म्हणाले ठीक आहे. मी कोट उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर कदाचित वाचले असते."

त्यांचे हात थांबले नाहीत. "बसा बाई."

बसले. त्यांनी माझ्यापुढेही थोड्या शेंगा लोटल्या. दोघीही फोडत राहिलो. मी त्यांना त्या दिवशी गेलेल्या बाकीच्या दोघांची नावं सांगितली. दिनेश, रघुबीर. त्यांनी ती दोन्ही हळू म्हणून पाहिली.

"दुकत हुतं का त्यास्नी?"

"दुखतच असणार."

"बोलले न्हाईत."

"नाही."

"न्हाय बोलायचे. दाढ सुजली तरी भाकरी खायाचे. मला कळायचं. लई दुकाया लागलं की हात मांडीखाली दाबून बसायचे. मंग मी इचारायची."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या सकाळी हवालदारांचा डावा हात मांडीखाली होता. म्हणून काडी मला ओढावी लागली. ते मला दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी विनोद केला होता, तो इतकी वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

"ताई, हात तसाच होता," मी म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, हवालदार, एक हात गावाकडं ठेवून आलात का?"

सोजरबाईंनी वर पाहिलं.

"मंग?"

"हसले."

"हसले व्हय?"

"हो. चांगले मोठ्याने."

त्यांनी पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग सुपातल्या शेंगा दोन्ही हातांनी सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "आजून सांगा."