चॅपलशेजारची खोली

तिसरीच्या बाई बोलायला फटकळ, पण पोरांवर जीव टाकणाऱ्या. मिशनच्या त्या छोट्या प्राथमिक शाळेत त्यांनी उभं आयुष्य काढलेलं. आज सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहिल्या तपासणीत त्यांचा वर्ग वाचताना पार अडखळला होता. आता फेरतपासणीला नवे साहेब यायचे होते, आणि या खेपेलाही तेच झालं तर शाळेला कुलूप.

"साहेबांना शांत जागा द्या, मुलं एकेक करून आत जातील," मोठ्या सिस्टरांनी फर्मावलं. शांत जागा एकच, चॅपलशेजारची खोली. तिथं आठवडाभर बाई मुलांकडून पहिल्या पापकबुलीची तालीम करून घेत होत्या. पापं ऐकणाऱ्या फादरांची खुर्ची, समोर पडदा, सगळं जसंच्या तसं. गडबडीत पडदा काढायचं कुणाला सुचलंच नाही आणि साहेब नेमके त्याच खुर्चीत जाऊन बसले.

पहिली गेली ती वर्गातली सगळ्यात छोटी, चिमणी. बाहेर आली तर हात जोडलेले, तोंड उजळलेलं.

"वाचलंस का गं?" बाईंनी हळूच विचारलं.

"आधी पापं सांगितली, बाई. मग प्रायश्चित्त मागितलं. फादर म्हणाले, हे पान वाच. सगळं वाचलं मी."

कसले फादर अन् कसलं काय! बाई दाराकडे धावल्या, तर सिस्टरांनी डोळे वटारले. मधे कुणी जायचं नाही, असा नियमच होता. पोरं आत जात राहिली आणि बाई मरियामातेचा धावा करत राहिल्या.

शेवटी साहेब हसू दाबत बाहेर आले. "कबुली गुप्त ठेवायला मी काही फादर नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. तुमच्या वर्गाचं पाप एकच आहे, बाई. वाचता येत असून अडखळायचं."

"असं का करतील ती?"

"अडखळणाऱ्याला तुम्ही मधल्या सुट्टीत पायरीवर जवळ घेऊन बसता ना, त्यासाठी. मागच्या वेळी तुम्ही समोर उभ्या होतात. आज नव्हतात, तर सगळी घडाघडा वाचली. शाळा पास."

"लबाड कुठली," बाई म्हणाल्या आणि भर व्हरांड्यात आनंदानं रडल्या.

मधल्या सुट्टीत त्या पायरीवर बसल्या. चोरी पकडली गेलेली, त्यामुळे पोरं लांबच घुटमळत होती. बाईंनी पुस्तक उघडलं.

"माझा चष्मा कुठं सापडत नाहीये. कोण वाचून दाखवतंय मला?"

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. एकाही पोरानं तसं सांगितलं नाही.